दुभंगलेल्या बर्लिनचं मॉडेल: एकच रस्ता, चार वेळा

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॉलेजच्या इतिहास मंडळाला प्रदर्शनासाठी भिंतीच्या काळातल्या, म्हणजे पूर्व आणि पश्चिम असं दुभंगलेल्या बर्लिनचं मॉडेल करायचं आहे. सहा बाय चार फुटांची जागा आहे आणि हाताशी तीन महिने. स्केल कोणतं घ्यावं, भिंत कशी करावी, आणि बघणाऱ्याला नुसती खेळण्यातली घरं बघितल्यासारखं वाटू नये म्हणून काय करावं?

सगळ्यात आधी पूर्ण शहर करायचा विचार सोडून द्या. पश्चिम बर्लिनभोवतीची सीमा सुमारे १५५ किलोमीटर होती. त्यातली साधारण ४३ किलोमीटर शहराच्या दोन भागांमधून जात होती. १:१०,००० घेतलं तरी ती ४३ किलोमीटर ४.३ मीटर लांब होते आणि ३.६० मीटर उंचीची भिंत अर्ध्या मिलिमीटरलाही पोचत नाही. म्हणजे टेबलावर नकाशाच होतो, आणि ते काम भिंतीवर लावलेला खरा नकाशा जास्त चांगलं करतो.

एक रस्ता घ्या आणि तोच चार वेळा बांधा. माझं मत विचाराल तर बेर्नाउअर श्ट्रासे. इथे सीमा घरांच्या दर्शनी भिंतींवरूनच जात होती. दक्षिणेकडची घरं पूर्वेच्या मिट्टे भागात आणि दारासमोरचा फुटपाथ फ्रेंच ताब्यातल्या वेडिंगमध्ये. उंबरा ओलांडला की पश्चिम बर्लिन. १३ ऑगस्ट १९६१ ला सीमा बंद झाल्यावर हीच घरं भिंत बनली. शहर दुभंगलं म्हणजे काय झालं, हे दोन वाक्यांत कळेल अशी दुसरी जागा बर्लिनमध्ये मिळणं अवघड आहे.

स्केल १:८७. रेल्वे मॉडेलवाले ज्याला एचओ म्हणतात ते. गाड्या, दिवे, माणसं तयार मिळतात, आणि माणूस २१ मिलिमीटरचा होतो, म्हणजे हातभर अंतरावरून त्याचं उभं राहणं कळतं. १:१६० मध्ये भिंत २२ मिलिमीटर होते आणि माणूस तांदळाच्या दाण्यापेक्षा जेमतेम मोठा. १:३५ मध्ये तपशील झकास येतो, पण तुमच्या जागेत रस्त्याची फक्त एक बाजू मावेल.

तुमच्या सहा बाय चार फुटांचे तीन बाय दोन फुटांचे चार तुकडे बरोबर होतात. प्रत्येक पेटी ९०० × ६०० मिलिमीटर, खरं मोजलं तर ७८ × ५२ मीटर जमीन. आता महत्त्वाचं: पेटीची लांब बाजू भिंतीला समांतर ठेवू नका, आडवी ठेवा. बहुतेकांची पहिली चूक हीच असते. लांबच लांब भिंत दिसावी म्हणून ९०० ची बाजू तिला देतात आणि भिंतीमागे पूर्वेकडे पहाऱ्यासाठी मोकळा ठेवलेल्या पट्ट्याला हातभरही जागा उरत नाही. खरी सीमा म्हणजे तो पट्टा होता. पुढची भिंत हा त्याचा पश्चिमेकडून दिसणारा शेवटचा थर, एवढंच.

चारही पेट्यांत पश्चिम कडेपासून ३१० मिलिमीटरवर पेन्सिलीने एक रेघ मारा. पहिले ६० मिलिमीटर पश्चिमेकडच्या घरांचे दर्शनी भाग, पुढचे २५० फुटपाथांसह रस्ता. ही रेघ म्हणजे १९६१ ची घरांची दर्शनी भिंत. दुसऱ्या पेटीत त्याच रेघेवर पाडलेल्या घरांचा उरलेला तळमजला येतो, तिसऱ्यात काँक्रीटची भिंत, चौथ्यात ती भिंत उचलल्यावर उरलेला चर. पश्चिमेकडचा फुटपाथ, दिव्याचा खांब, गटाराचं झाकण चारही पेट्यांत अगदी त्याच जागी आणि त्याच रंगाचं ठेवा. बघणाऱ्याचा डोळा त्या खांबाला धरून एका पेटीतून दुसरीत जातो आणि बदल आपोआप वाचतो. रस्त्याची रुंदी मी सोयीसाठी २२ मीटर धरली आहे. तुम्ही निवडलेल्या ५२ मीटरच्या तुकड्याचे फोटो आणि जुना नकाशा काढून ती पक्की करा.

तारखा अशा घ्या. पहिली पेटी २२ ऑगस्ट १९६१: तळमजल्याची दारं-खिडक्या विटांनी बंद, वरच्या खिडक्या अजून उघड्या. दुसरी साठच्या दशकाच्या उत्तरार्धातली: रहिवाशांना हुसकावलेलं, वरचे मजले पाडलेले, तळमजल्याची भिंत तशीच ठेवून वर तार. तिसरी १९८६: पूर्ण तयार पट्टा. चौथी जून १९९०: १३ तारखेला भिंत पाडण्याचं अधिकृत काम याच रस्त्यावर सुरू झालं.

तिसऱ्या पेटीतली भिंत हे सगळ्यात वेळखाऊ काम आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो. १९७५ च्या सुमारास आलेल्या या चौथ्या पिढीच्या भिंतीचा एक तुकडा ३.६० मीटर उंच, १.२० मीटर रुंद, आणि इंग्रजी एल अक्षरासारखा. खालचा पाय २.१० मीटरचा, वजन अडीच टनांच्या वर. १:८७ मध्ये उंची ४१.४, रुंदी १३.८, पाय २४ मिलिमीटर. जाडी वर साधारण १५ सेंटिमीटर, म्हणजे १.७ मिलिमीटर, आणि खाली थोडी वाढत जाते. ६०० मिलिमीटरला ४३ तुकडे लागतात. पन्नास ओता, पाच-सहा मोडतातच.

एक नमुना दीड मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटमधून कापून, पॉलिश पेपरने घासून अगदी सरळ करा. तो नीट झाला की तसेच पाच करून शेजारी शेजारी चिकटवा आणि आरटीव्ही (गरम न करता घट्ट होणाऱ्या) सिलिकॉन रबरचा साचा घ्या. कॅटॅलिस्ट, म्हणजे रबर घट्ट करणारा द्रव, पाकिटावर लिहिलाय तेवढाच घाला. लवकर सुकावा म्हणून जास्त घातला तर रबर ठिसूळ होतं आणि तिसऱ्या-चौथ्या ओतणीला पायाच्या कोपऱ्यात फाटतं. ओतायला साधं प्लास्टर ऑफ पॅरिस घेऊ नका, १.७ मिलिमीटर जाडीला ते साच्यातून काढतानाच तुटतं. दातांच्या डॉक्टरांना माल पुरवणाऱ्या दुकानात डेंटल स्टोन मिळतो, तो घ्या. १०० ग्रॅमला साधारण ३० मिलिलिटर पाणी. एका तुकड्याला दीड-पावणेदोन मिलिलिटर लागतं, त्यामुळे पन्नास तुकड्यांना वाया जाणारं धरून दीडशे ग्रॅम भुकटी पुरे. पाण्यात भुकटी टाका, भुकटीत पाणी नको. मिसळून झाल्यावर वाटी टेबलावर मिनिटभर आपटत राहा. बुडबुडे वर येऊन फुटतात, नाहीतर ते नेमके भिंतीच्या वरच्या कडेला खड्डे होऊन दिसतात. पाऊण तासाने काढा. घाई केली तर तुकडा वाकतो आणि तसाच कडक होतो.

माथ्यावर धरायला काही मिळू नये म्हणून गोल पाइप बसवलेला असायचा, ४० सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे इथे ४.६ मिलिमीटर. शहाळ्याबरोबर मिळणारी बारीक स्ट्रॉ मोजून बघा. पाचच्या आतली असेल तर उभी चिरून माथ्यावर बसते. स्ट्रॉला थेट रंग लागत नाही, सोलून निघतो. आधी बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि प्रायमरचा एक हात द्या.

रेघेवर तुकडे चिकटवताना त्यांच्यात केसाएवढी फट राहू द्या. फट भरून गुळगुळीत केलेली भिंत एकसंध पत्र्यासारखी दिसते आणि मोजमापाची जाणीवच जाते. पाय जमिनीत गाडायचा, म्हणजे आधी पाय प्लायवर चिकटवून मग वरून मातीचा थर. चौथ्या पेटीत हाच पाय उपयोगी पडतो. क्रेनने उचललेला एक तुकडा पायासकट हवेत लटकवा आणि खाली उघडा पडलेला चर दाखवा. इतकी वर्षं भिंत म्हणून बघितलेली वस्तू प्रत्यक्षात सुटे तुकडे होते, हे लोकांना तिथे कळतं.

घरांसाठी तीन मिलिमीटरचा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) लेझरने कापून घ्या. बर्लिनच्या जुन्या भाड्याच्या घरांची छज्जापर्यंतची उंची २२ मीटरच्या आत ठेवायचा नियम होता, म्हणजे मॉडेलमध्ये जास्तीत जास्त २५ सेंटिमीटर. विटा कोरताना हात आवरा. जर्मन वीट या स्केलमध्ये तीन मिलिमीटर लांब आणि पाऊण मिलिमीटर उंच होते, तिचा सांधा जेमतेम ०.१ मिलिमीटर. सुईने हलकी रेघ पुरते. सांध्यात पांढरा रंग भरला की घर चौकटीच्या कागदासारखं दिसतं. बुजवलेल्या दारं-खिडक्यांत मात्र काम वाईट दिसायला हवं, कारण ते घाईत केलेलं होतं. ठोकळे वाकडे, सिमेंट ओघळलेलं, आसपासच्या जुन्या गिलाव्यापेक्षा रंगाने वेगळं. दुसऱ्या पेटीतली उरलेली भिंत साधारण ४५ मिलिमीटर ठेवा. तिच्यावर दारांच्या कमानी, पायऱ्या आणि नक्षी तशीच दिसू द्या. या भिंतीच्या जागी काँक्रीटचे तुकडे यायला १९८० साल उजाडलं.

आता पट्टा. पूर्वेकडून पश्चिमेकडे क्रम असा: मागची भिंत (दोन-तीन मीटर, मॉडेलमध्ये ३० मिलिमीटर), मग स्पर्श झाला की इशारा देणारं तारांचं कुंपण, मग मनोरा, दिव्यांचे खांब आणि गस्तीचा अरुंद डांबरी रस्ता, मग वाळूचा विंचरलेला पट्टा, आणि शेवटी पुढची भिंत. काही ठिकाणी वाळूच्या पुढे गाड्या अडवणारा खंदक होता, पण तो सगळीकडे नव्हता. तुमच्या तुकड्याच्या फोटोत दिसला तरच खणा. कुंपणाला मच्छर-जाळी चालते, पण नायलॉनची चकाकी मॅट करड्या रंगाने मारा. १९८६ ला चौकोनी मनोरा ठेवा, दोन मीटर बाजू आणि नऊ मीटर उंची, म्हणजे २३ आणि १०३ मिलिमीटर. गोल खांबावर खोली असलेला मनोरा फोटोंत उठून दिसतो म्हणून सगळे तोच करतात, पण तो आधीचा नमुना.

वाळूला रांगोळी घ्या. बाजारची रांगोळी जरा जाड असते, दोनदा मलमलीतून चाळा. पांढरी शुभ्र नको, थोडी मुलतानी माती मिसळून मळकट करा. जमिनीवर ६ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा पसरा, स्प्रेने हलकं पाणी मारा आणि एकास तीन पाणी घातलेला फेविकॉल ड्रॉपरने सोडा. त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब हवा. साबण नसेल तर थेंब वर मोत्यासारखा बसून राहतो आणि खड्डा पाडतो. अर्ध्या तासाने, बोट लावल्यावर चिकटत नाही पण दबतं अशा अवस्थेत, उवा काढायची बारीक फणी भिंतीला समांतर ओढा. रेघा एकसारख्या येतात. वाळू विंचरायची ती पावलं उमटावीत म्हणून. टाचणीच्या डोक्याने एका जागी तीन-साडेतीन मिलिमीटरची सात-आठ पावलं उमटवा, पुढच्या भिंतीकडे जाणारी, आणि तिथेच थांबवा. सोबत कुठलीही बाहुली ठेवायची गरज नाही.

पट्ट्यात सुरुंग किंवा आपोआप गोळी झाडणारी यंत्रं दाखवू नका. ती दोन जर्मनींमधल्या देशाच्या सीमेवर होती, बर्लिनच्या भिंतीवर नव्हती. ही चूक इतकी सर्रास होते की माहिती असलेला परीक्षक आधी तीच शोधतो. दुसरी तशीच चूक म्हणजे चित्रं. साठच्या दशकातल्या भिंतीवर रंगीबेरंगी ग्राफिटी नव्हती. ती बहरली गुळगुळीत चौथ्या पिढीवर, तीही फक्त पश्चिमेकडच्या अंगाला. पूर्वेकडचं अंग फिकट आणि मोकळं असायचं, म्हणजे समोरून जाणारा माणूस उठून दिसे. सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह आणि पूर्व जर्मनीचे नेते होनेकर यांच्या चुंबनाचं चित्र १९९० सालचं आणि वेगळ्या जागेचं आहे, १९८६ च्या पेटीत ते येऊच शकत नाही. तिसरी, गाड्या. बाजारात सहज मिळणारी ट्राबांट ६०१ ही १९६४ ची. १९६१ च्या पेटीत तिच्या आधीचं मॉडेल हवं, नाहीतर गाडीच ठेवू नका.

पहिल्या पेटीत आडव्या गल्लीच्या तोंडाशी घाईत रचलेली ठोकळ्यांची भिंत आणि वर तार. तारेला जळक्या मोटरच्या वाइंडिंगमधली ०.१ मिलिमीटरची तांब्याची तार घ्या. दोन पदर पिळून बॉलपेनच्या रिफिलवर गुंडाळा, ओढून सैल करा, मॅट काळपट तपकिरी रंग द्या. काटे करायला जाऊ नका, या स्केलमध्ये ते दिसत नाहीत आणि केले तर बाभळीच्या फांदीसारखे वाटतात. तारेवरून पश्चिमेकडे उडी मारणारा पूर्व जर्मन सैनिक कोनराड शूमान सगळ्यांना आठवतो. त्याची उडी १५ ऑगस्टची आणि रूपिनर श्ट्रासेच्या कोपऱ्यावरची. २२ ऑगस्टच्या पेटीत तो घालायचा मोह टाळा.

२२ ऑगस्टला इडा झीकमान या बाईंनी ४८ नंबरच्या घरातून, तिसऱ्या मजल्यावरून, आधी गाद्या-पांघरुणं खाली टाकली आणि मग उडी मारली. अग्निशमन दलाची झेलायची चादर उघडेपर्यंत त्या खाली आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा ५९ वा वाढदिवस होता. भिंतीवरचा हा पहिला मृत्यू, आणि भिंतीने घेतलेले बळी किमान १४० आहेत. हा क्षण दाखवायचा तर तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी उघडी ठेवा आणि खाली फुटपाथवर टिश्यू पेपरच्या दोन घड्या, प्रत्येकी दीड-दोन सेंटिमीटरच्या, पातळ फेविकॉलमध्ये भिजवून चुरगळलेल्या. बाहुली नको, रक्त नको.

माणसं एकंदर कमीच ठेवा, पेटीत दहा-बारा. आर्किटेक्टच्या सामानाच्या दुकानात १:१०० च्या बाहुल्या स्वस्त मिळतात, त्या १७-१८ मिलिमीटरच्या असतात. त्या मागच्या बाजूला वापरा, खोली वाढल्यासारखी वाटते. पुढे मात्र खऱ्या १:८७ च्याच. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा दरवाज्यापेक्षा उंच असला तरी चालतं, तिथे तो मानाने मोठा असतो. इथे माणूस आणि भिंत यांच्या उंचीचं नातं हाच विषय आहे, ते चुकलं तर बाकी सगळं वाया. पश्चिमेला भिंतीपलीकडे बघायला लाकडी माच असायचे. अगरबत्तीच्या काड्या साधारण १० सेंटिमीटरच्या वाशाइतक्या जाड होतात, माचाच्या कठड्याला त्याच घ्या. तिसऱ्या पेटीत एक माच आणि त्यावर दोघं-तिघं पुरेत.

दिव्यांना ०८०५ आकाराचे एसएमडी (पाय नसलेले, बारीक चपटे) एलईडी, खांबाला इंजेक्शनची सुई. पाच व्होल्टचा मोबाइल चार्जर आणि प्रत्येक एलईडीला स्वतंत्र ४७० ओहमचा रेझिस्टर. सगळ्यांना मिळून एकच रेझिस्टर लावला की काही भगभगीत होतात आणि काही मिणमिणतात. तिसऱ्या पेटीत फक्त पट्टा उजळा आणि मागची पूर्वेकडची घरं जवळजवळ अंधारात ठेवा. मनोऱ्याच्या खोलीला आतून काळा रंग द्या, नाहीतर प्लास्टिकमधून उजेड झिरपतो.

बोगदा करायचाच असेल तर पेटीत कोंबू नका, वेगळी उभी फळी करा. १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये ५७ जण ज्यातून पूर्वेकडून पश्चिमेला पळून आले तो बोगदा बेर्नाउअर श्ट्रासेवरच्या बंद बेकरीतून खणला होता, लांबी सुमारे १४५ मीटर. १:८७ ला ती १६७ सेंटिमीटर होते. जमिनीचा उभा छेद दाखवणारी, चार पेट्यांच्या खाली मावणारी एक फळी. बोगद्याची उंची एक सेंटिमीटरच येते. तो मोठा करून दाखवायचा मोह होतो, पण तसाच अरुंद ठेवा आणि वाकलेला एक माणूस बाजूला ठेवा.

आता मांडणी, जिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. ७५ सेंटिमीटरच्या टेबलावर पेटी ठेवली की बघणारा वरून बघतो. पट्टा असा वरून बघायचे ते मनोऱ्यातले सैनिक. पेट्या १३० सेंटिमीटरवर उचला आणि मुलांसाठी समोर पायरी ठेवा. तिसऱ्या पेटीला चारी बाजूंनी आणि वरूनही झाकून दोन भोकं पाडा: एक पश्चिमेला माचावर उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे भिंतीच्या माथ्याहून बरंच वर, दुसरं पूर्वेच्या अंगणात उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे १९ मिलिमीटर. पश्चिमेच्या भोकातून पट्टा, मनोरा, उजेड सगळं दिसतं. पूर्वेच्या भोकातून फक्त मागची भिंत आणि वर थोडं आभाळ. दोन्ही भोकांतून बघितलेल्या माणसाला लांबलचक माहितीफलक वाचायला लावायची गरज उरत नाही. उरलेल्या तीन पेट्या वरून उघड्या ठेवल्या तरी चालतील.

सामानाबद्दल दोन सूचना. थर्माकोलवर स्प्रे पेंट किंवा सिंथेटिक डिंक लावला की ते विरघळतं, तिथे फेविकॉल आणि ॲक्रिलिकच. आणि पावसाळ्यात काम असेल तर एमडीएफच्या दोन्ही बाजू आणि कडा कापल्या कापल्या सील करा. एकाच बाजूला रंग दिलेली दर्शनी भिंत आठवड्याभरात धनुष्यासारखी वाकते आणि खिडक्यांच्या रांगा रेघेत राहत नाहीत.

चार जणांनी वाटून घेतलं तर तीन महिन्यांत होतं, पण तुकडे ओतण्याचं काम पहिल्याच आठवड्यात सुरू करा आणि माणसं सगळ्यात शेवटी बसवा. मोजमाप अडलं तर फोटोत भिंतीचे तुकडे मोजा. प्रत्येक तुकडा १.२० मीटर, तीच तुमची पट्टी. पूर्वेच्या बाजूचे फोटो फार कमी मिळतात, कारण तिथे सीमेचा फोटो काढायला बंदी होती. जे फोटोत दिसत नाही ते मनाने भरू नका. तेवढा भाग रंग न देता करडा ठेवा आणि पेटीच्या चिठ्ठीवर तारीख, रस्ता, घराचा नंबर यांच्याखाली लिहा की करडा भाग पुराव्याअभावी मोकळा ठेवला आहे.